परक्या देशातील यादवीत बाहेरच्या सैन्याने उतरावे का?

प्रश्न: कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर

सर्वांना नमस्कार. आमच्या महाविद्यालयात लवकरच वादविवाद स्पर्धा होणार असून ‘परक्या देशातील यादवी युद्धात बाहेरच्या राष्ट्रांनी लष्करी हस्तक्षेप करावा’ हा विषय ठरला आहे. अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंच्या मुलांची तयारी करून घेण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि तयारी जसजशी पुढे सरकते आहे तसतशी माझीच पंचाईत होत चालली आहे. अनुकूल बाजूची मुले रवांडाचे नाव घेतात, प्रतिकूल बाजूची मुले इराकचे नाव घेतात आणि गाडे तेथेच रुतते. वास्तविक इराकचे उदाहरण या विषयात बसत नाही, कारण २००३ मध्ये तेथे बाहेरून स्वारी झाली आणि यादवी पेटली ती त्यानंतर. हे सांगितल्यावर प्रतिकूल बाजूचा हुकमी पत्ताच गेला.

गेल्या तासाला सुदानचा विषय निघाला. १५ एप्रिल २०२३ पासून तेथे लष्करप्रमुख जनरल बुऱ्हान यांचे सैन्य आणि हेमेदती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेनानीचे निमलष्करी दल यांच्यात लढाई जुंपली आहे. सुदानच्या पश्चिमेकडील दारफुरमधील अल फाशर हे शहर जवळजवळ दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये निमलष्करी दलाच्या हाती पडले आणि त्यानंतर तेथे जी माणसे मारली गेली त्यांच्या खुणा उपग्रहाच्या छायाचित्रांतही टिपल्या गेल्या. एका मुलीने विचारले, “मॅडम, आकाशातून दिसत होते, तर थांबवता का आले नाही?” मी तिला सुरक्षा परिषद, तिच्या पाच कायम सदस्यांपैकी कोणालाही ठराव अडवता येतो तो नकाराधिकार वगैरे सांगितले, परंतु तिचे समाधान झाले नाही.

बाहेरच्या राष्ट्राने उतरावे की उतरू नये हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे, एवढेच मला विचारायचे आहे. ‘दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे’ हे उत्तर मला ठाऊक आहे; ते कृपया देऊ नये.

उत्तर: वकील, सिव्हिल लाइन्स

मॅडम, कसोटी विचारलीत म्हणून कायद्यापासून सुरुवात करतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुसऱ्या अनुच्छेदाच्या चौथ्या परिच्छेदाने दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळाचा वापर करण्यास मनाई केली आहे. तिला अपवाद दोन: एक, ५१ व्या अनुच्छेदातील स्वसंरक्षणाचा हक्क, आणि दुसरा, सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेने दिलेली मंजुरी. तिसरी एक वाट व्यवहारात फार वापरली जाते, ती म्हणजे त्या देशाच्या सरकारने स्वतःहून बोलावणे. शांततेच्या काळात ही वाट सरळ आहे. यादवीत मात्र ‘सरकार कोणते’ हाच तर भांडणाचा मुद्दा असतो. येमेनचे अध्यक्ष हादी राजधानीतून परागंदा झालेले असताना त्यांच्या विनंतीवरून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने मार्च २०१५ मध्ये बॉम्बफेक सुरू केली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर सीरियाचे अध्यक्ष असद यांच्या बोलावण्यावरून रशियाची विमाने तेथे उतरली. दोन्हीकडे कागद व्यवस्थित होता. दोन्हीकडे युद्ध पुढे कित्येक वर्षे चालले.

अनुकूल बाजूची मुले बहुधा ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व मांडतील. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व राष्ट्रांनी ते मान्य केले: वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक उच्चाटन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून आपल्या लोकसंख्येचे रक्षण करण्यात एखादे राष्ट्र उघडपणे कमी पडले, तर आंतरराष्ट्रीय समुदाय पाऊल उचलू शकतो. मुले पुढचे वाक्य वाचत नाहीत, ते त्यांच्याकडून वाचून घ्यावे. ते पाऊल सुरक्षा परिषदेमार्फत आणि प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासून उचलायचे आहे. म्हणजे या तत्त्वाने कोणत्याही राष्ट्राला परस्पर सैन्य पाठवण्याचा परवाना दिलेला नाही.

त्याची खरी परीक्षा लिबियात झाली. १७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७३ संमत केला. बाजूने दहा मते पडली. भारत, ब्राझील, चीन, जर्मनी आणि रशिया हे पाच देश तटस्थ राहिले. नागरिकांच्या रक्षणासाठी आवश्यक ते सर्व उपाय करण्याची मुभा त्यात होती आणि लिबियाच्या भूमीवर परकीय ताबा सैन्य नको असेही स्पष्ट लिहिले होते. लिबियाचे सत्ताधीश गद्दाफी यांच्या सैन्याचे बंडखोरांच्या बेनगाझी शहरावरचे संकट काही दिवसांत टळले, परंतु विमाने थांबली नाहीत. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारले गेले आणि त्यानंतरच नाटोने मोहीम आवरती घेतली. रक्षणाची मंजुरी घेऊन सत्तापालट केला, ही रशिया आणि चीनची तक्रार होती, आणि ती सर्वस्वी खोटी होती असे मला म्हणता येत नाही. त्याची किंमत सीरियाने मोजली. ४ ऑक्टोबर २०११ रोजी सीरियासंबंधीचा ठराव आला तेव्हा दोघांनी नकाराधिकार वापरला आणि नंतरही वापरत राहिले.

१९९९ मध्ये कोसोवो प्रांतातील अल्बेनियन लोकांसाठी नाटोने परिषदेच्या मंजुरीविना युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली. त्यावर नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने ती कारवाई बेकायदेशीर परंतु न्याय्य होती असा निष्कर्ष काढला. असा निकाल आमच्या खंडपीठापुढे मागून पाहावा, न्यायमूर्ती काय म्हणतील ते सांगायला नको. माझे मत स्पष्ट आहे: परिषदेची मंजुरी नसेल तर सैन्य पाठवू नये. नकाराधिकार हा मोठा दोष आहे हे मान्य, परंतु ज्याच्या हाती विमाने त्यानेच न्यायाधीश व्हावे, हा त्यावरचा इलाज नव्हे.

उत्तर: निवृत्त सुभेदार, कामठी

मॅडम, नमस्कार. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी त्यात पडत नाही. मी सिग्नलचा माणूस, १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाफन्याला होतो. आपल्या मुलांना रवांडा आणि इराक आठवते, पण आपलेच सैन्य शेजारच्या यादवीत उतरले होते हे आठवत नाही, याचे मला नवल वाटते.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. ज्यांची हत्यारे काढून घ्यायची त्या तमिळ वाघांची, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईची, त्यावर सही नव्हती. लढाई थांबल्यापासून ७२ तासांत हत्यारे जमा व्हावीत असे त्यात लिहिले होते. आम्ही पलाली विमानतळावर उतरलो तेव्हा लोकांनी हार घातले. श्रीलंकेच्या सैन्यापासून आम्ही त्यांना वाचवायला आलो आहोत अशी त्यांची समजूत होती आणि आमचीही थोडीफार तशीच होती.

हत्यारे जमा करण्याचे एक ठिकाण मी जवळून पाहिले. शाळेच्या पटांगणात टेबल, त्यावर नोंदवही. रकाने आखलेले: हत्याराचा प्रकार, क्रमांक, अवस्था, जमा करणाऱ्याची सही. पोरे येत, ठेवून जात. जुन्या बंदुका, गंजलेली पिस्तुले, एखादा घरगुती बनावटीचा तोफगोळा. ‘अवस्था’ या रकान्यात आमचा हवालदार दिवसभर ‘नादुरुस्त’ लिहीत होता. चांगली हत्यारे कोठे आहेत हे त्या पोरांना ठाऊक होते आणि ती येणार नाहीत हे आम्हाला कळून चुकले होते. परंतु वही रोज भरून वर जात होती आणि वर बसलेल्यांना ती भरलेली दिसत होती.

ऑक्टोबरमध्ये सगळे फिरले. वाघांचे काही लोक समुद्रात पकडले गेले, त्यांना कोलंबोला नेण्याचे ठरले तेव्हा त्यांनी सायनाइड घेतले, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही जाफना शहर घेण्यासाठी लढत होतो. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या तुकडीचे काय झाले हे आता सगळीकडे छापून आलेले आहे: आमचे बिनतारी संदेश समोरचे ऐकत होते आणि ते वाट पाहत बसले होते. शीख लाइट इन्फंट्रीच्या त्या तीस जवानांपैकी एकच जिवंत राहिला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. श्रीलंकेतील मोहिमेत दिले गेलेले ते एकमेव परमवीरचक्र होय.

जाफन्याच्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणे असतात, पलीकडचे काही दिसत नाही. आमच्या तुकडीत तमिळ जाणणारा एकच नाईक होता, मदुराईकडचा. त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे बोलावणे असे. तो दुसरीकडे असला की समोरची बाई रडते आहे ती आम्हाला शिव्या देते आहे, मदत मागते आहे की पुढे सुरुंग आहे असे सांगते आहे, हे समजायला मार्ग नसे. अशा वेळी माणूस चुकीची गोळी झाडतो. झाडल्या गेल्या, हे मी नाकारत नाही, आणि तेथील लोकही विसरलेले नाहीत.

सुरुवातीला एक डिव्हिजन गेली होती, शेवटी चार झाल्या. जयवर्धने गेले, प्रेमदासा आले आणि त्यांनी भारताला सैन्य परत न्यायला सांगितले. एवढेच नव्हे, तर आमच्याशी लढण्यासाठी त्यांच्या सरकारने वाघांना हत्यारे दिली. म्हणजे ज्याने बोलावले आणि ज्याच्याविरुद्ध बोलावले ते दोघे एका बाजूला आणि आम्ही मध्ये. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी निघाली तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते. यादवी त्यानंतर आणखी १९ वर्षे चालली.

कसोटी विचारलीत म्हणून माझी सांगतो. सैन्याला एक शत्रू आणि एक उद्दिष्ट द्या, ते काम करते. ज्यांना खेळ थांबवायचाच नाही अशा दोघांमध्ये त्याला पंच म्हणून उभे केले, तर दोघेही पंचालाच मारतात. बोलावणारा उद्या काय म्हणेल आणि आपण परत केव्हा यायचे, हे जहाज सुटण्यापूर्वी कागदावर नसेल तर जहाज सोडू नये.

उत्तर: संगणक अभियंता, मिहान

काकांच्या अनुभवापुढे बोलणे धाडसाचे आहे, तरीही बोलतो. वकीलसाहेबांची मंजुरी आणि काकांची कागदपत्रे तयार होईपर्यंत माणसे मरतात, त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

रवांडात एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे १०० दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली, त्यांतली फार मोठी संख्या कोयत्यांनी. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे २,५०० सैनिक तेथे आधीपासून होते. बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली आणि सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला काय ठरवले, तर संख्या २७० वर आणायची. कत्तल चालू असताना सैन्य कमी केले! आदल्या वर्षी सोमालियात मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक मेले होते, म्हणून कोणालाच आफ्रिकेत पाय टाकायचा नव्हता. या सगळ्यात कायदा तंतोतंत पाळला गेला होता.

आणि मंजुरीविना झालेली प्रत्येक कारवाई वाईटच असेल तर कंबोडियाचे काय करायचे? व्हिएतनामने डिसेंबर १९७८ मध्ये सैन्य घुसवले आणि ७ जानेवारी १९७९ रोजी नॉमपेन्ह घेतले, म्हणून पोल पॉटच्या ख्मेर रूज पक्षाची नरसंहारी राजवट संपली. व्हिएतनामने ते भूतदयेने केले नाही, सीमेवरच्या हल्ल्यांनी तो वैतागला होता, हे मला माहीत आहे. पण मरणाऱ्याला वाचवणाऱ्याचा हेतू तपासायला सवड नसते. जगाने मात्र संयुक्त राष्ट्रांतील जागा पुढेही ख्मेर रूजकडेच ठेवली. इंदिरा गांधींच्या सरकारने १९८० मध्ये नॉमपेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली तेव्हा सोव्हिएत गटाबाहेर आपण जवळजवळ एकटे होतो. त्या निर्णयाचा मला अभिमान वाटतो.

उत्तर: इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, धंतोली

वरील तिन्ही उत्तरांत १९७१ चा उल्लेख कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटले. बहुधा ते आपल्याला यादवी वाटतच नाही, आपले युद्ध वाटते. परंतु २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या कत्तलीने जी सुरू झाली ती पाकिस्तानची अंतर्गत यादवीच होती आणि भारत तिच्यात उतरलेला शेजारी होता. जगाने तेव्हा आपल्याला शाबासकी दिली नव्हती. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्य माघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला, आणि तो आपल्या विरोधात होता. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाचा नकाराधिकार आपल्या पाठीशी होता म्हणून निभावले. वकीलसाहेब ज्याला दोष म्हणतात त्याच नकाराधिकाराच्या आडोशाला बांगलादेश जन्मला. भारतानेही अधिकृतपणे बांगलादेशी जनतेला वाचवण्याचा हक्क शेवटपर्यंत ताणून धरला नाही. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ला केला, त्यामुळे स्वसंरक्षणाचा आधार मिळाला.

१९७१ आणि १९८७ शेजारी ठेवून पाहिले, तर सुभेदारसाहेबांचे म्हणणे आणखी स्पष्ट होते. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या होत्या. एप्रिलमध्ये मुजीबनगरला बांगलादेशच्या हंगामी सरकारने शपथ घेतली होती आणि बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची मुक्तिवाहिनी लढत होती. भारतीय सैन्याला तेथे राज्य उभे करायचे नव्हते. लोकांनी निवडलेले नेतृत्व तयार होते, त्याच्या वाटेतील अडथळा तेवढा दूर करायचा होता. म्हणूनच १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य ढाक्यातून संचलन करून परतले. श्रीलंकेत असे काहीच नव्हते. जे तमिळांचे प्रतिनिधी म्हणून पुढे आले होते त्यांनी बंदुकीच्या बळावर इतर तमिळ गट आधीच संपवत आणले होते, आणि कोलंबोतील सत्ताधाऱ्यांतही करारावर एकमत नव्हते. राजीव गांधी मानवंदना स्वीकारत असताना श्रीलंकेच्याच एका नौसैनिकाने त्यांच्यावर बंदुकीचा दस्ता उगारला, हे चित्र त्या काळी प्रत्येक वृत्तपत्रात होते.

तेव्हा माझी कसोटी अशी, की हस्तक्षेपाचे यश आपण किती सैन्य नेतो यापेक्षा, आपण पोचतो तेव्हा तेथे कोण उभे असते यावर ठरते. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनकडे पाहावे. मे २००० मध्ये बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले होते आणि राजधानी फ्रीटाऊन पडते की काय अशी वेळ आली होती. ब्रिटनने छत्रीधारी सैनिक उतरवले. कैलाहूनला वेढल्या गेलेल्या भारतीय सैनिकांची जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून आपल्याच सेनाधिकाऱ्यांनी सुटका केली. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले. तेथे अध्यक्ष कब्बा निवडून आलेले होते आणि बंडखोरांनी सामान्य माणसांचे हात तोडून स्वतःविषयी कोणाच्याही मनात सहानुभूती उरू दिली नव्हती. शिवाय त्यांना हिऱ्यांच्या मोबदल्यात शस्त्रे पुरवणारे शेजारच्या लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्यावर निर्बंध आले. फ्रीटाऊनमधील छत्रीधारी सर्वांना आठवतात, हिऱ्यांचे निर्बंध कोणाला आठवत नाहीत. माझ्या मते निम्मे काम त्या निर्बंधांनी केले.

अभियंता मित्रांना मात्र एक कटू गोष्ट सांगायची आहे. १९७१ चा हस्तक्षेप यशस्वी झाला त्याचे एक कारण असे, की आपण मार्चमध्ये गेलो नाही. पावसाळा सरावा, हिमालयातील खिंडी बर्फाने बंद होऊन चीनची बाजू सुरक्षित व्हावी, मुक्तिवाहिनी तयार व्हावी आणि ऑगस्टमधील सोव्हिएत करार हाती यावा, एवढ्यासाठी आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत पूर्व बंगालमध्ये लाखो माणसे मारली गेली आणि जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. (पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती आपल्या गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे १९७१ च्याही आधीपासून आहेत, हे लोंढे विदर्भाला नवे नव्हते.) घाई केली असती तर कदाचित हरलो असतो, थांबलो म्हणून माणसे गेली. रवांडात तर आठ महिने सोडाच, आठ आठवडेही हातात नव्हते. म्हणून रवांडाच्या बाबतीत मी आपल्या बाजूचा आहे, परंतु तेथे प्रश्न नवे सैन्य उतरवण्याचा नव्हताच, असलेले सैन्य काढून न घेण्याचा होता. ही मागणी फार लहान होती आणि तीही नाकारली गेली.

जाता जाता नागपूरकर म्हणून एक आठवण. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यांत सोलापूरचे डॉ. कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. ते यादवीचे प्रकरण नव्हे, पण उतरणे म्हणजे बंदूक घेऊनच उतरणे नव्हे, एवढे मुलांना सांगायला हरकत नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. सुभेदारसाहेब, आपल्या नोंदवहीचा प्रसंग मुलांना वाचून दाखवीन, आपली परवानगी गृहीत धरते.

प्राध्यापक सरांची कसोटी मला पटली, परंतु ती लावली की सुदानच्या बाबतीत हात बांधल्यासारखे होतात. तेथे दोन सेनापती आहेत आणि दोघेही निवडून आलेले नाहीत. २०२१ मध्ये या दोघांनीच मिळून नागरी सरकार उलथवले होते. सैन्याने कोणाच्या बाजूने उतरायचे? आणि बाजू न घेता केवळ अल फाशरसारख्या एखाद्या शहराचे रक्षण करायचे म्हटले, तर ते शक्य असते का?

निवृत्त सुभेदार, कामठी

परवानगी आहे, मॅडम. शहराच्या रक्षणाचे विचारलेत, तर बोस्नियातील स्रेब्रेनित्सा पाहावे. १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने ते ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केले. अशी सगळी क्षेत्रे राखायची तर ३४,००० सैनिक लागतील असा अंदाज परिषदेपुढे ठेवला गेला होता. मंजूर झाले ७,६०० आणि तेही हलक्या हत्यारांनिशी. जुलै १९९५ मध्ये सर्ब सैन्य आले तेव्हा तेथील डच तुकडी काही करू शकली नाही आणि सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले. कागदावर सुरक्षित म्हटलेल्या जागी लोक विश्वासाने थांबतात. सैन्य द्यायचे नसेल तर जागेला सुरक्षित म्हणू नये. निदान लोक वेळेवर पळतील तरी.

अल फाशर हे समुद्रापासून शेकडो मैल आत आहे. सर्वांत आधी धावपट्टी हवी, मग तिच्यापर्यंत इंधन, पाणी आणि दारूगोळा रोज पोचवणारी वाट हवी. वेढ्याच्या आत उतरणे सोपे आहे, आत टिकणे अवघड आहे. मुलांना नकाशा घेऊन बसवा आणि पाणी कोठून आणणार एवढेच विचारा.

वकील, सिव्हिल लाइन्स

प्राध्यापक महोदयांनी १९७१ वरून मला पकडले, ते मान्य. त्या एका प्रकरणात मी माझ्या नियमाच्या विरुद्ध बाजूला आहे, आणि ‘अपवादानेच नियम सिद्ध होतो’ असली पळवाट मी काढणार नाही.

सुदानविषयी सांगायचे तर हस्तक्षेप करावा का, हा प्रश्न तेथे उशिरा विचारला जातो आहे, कारण हस्तक्षेप कधीच झालेला आहे. तो वर्दी घालून आलेला नाही इतकेच. निमलष्करी दलाला संयुक्त अरब अमिरातीतून शस्त्रे मिळतात असा आरोप सुदान सरकारने केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानेही तो विश्वासार्ह मानला. अमिराती तो साफ नाकारते. सुदानने वंशसंहारविरोधी कराराखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, परंतु त्या कराराच्या नवव्या अनुच्छेदाला अमिरातीने आधीच हरकत नोंदवून ठेवलेली असल्यामुळे आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही असे सांगून न्यायालयाने ५ मे २०२५ रोजी तो पटलावरून काढून टाकला. आरोप खरा की खोटा, इथपर्यंत सुनावणी गेलीच नाही. दुसऱ्या बाजूला, बुऱ्हान यांच्या सैन्यालाही बाहेरचे मित्र आहेत.

पैसा सोन्यातून येतो. सुदानच्या सोन्याच्या अधिकृत निर्यातीचा मोठा भाग अमिरातीत जातो, आणि चोरट्या वाटेने जाणारे वेगळेच. एकदा ते तेथील भट्टीत वितळले की त्याचे मूळ पुसले जाते; आपल्या इतवारीच्या सराफ्यात आलेल्या लगडीवर ती कोणत्या खाणीतून निघाली हे लिहिलेले नसते. सिएरा लिओनच्या हिऱ्यांबाबत सुरक्षा परिषदेने जुलै २००० मध्ये सरकारी प्रमाणपत्राशिवायच्या खरेदीवर बंदी घातली होती, आणि चार्ल्स टेलर यांना पुढे २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. सुदानच्या सोन्यासाठी असा ठराव आलेला नाही.

आपल्या विद्यार्थिनीला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. दारफुरमध्ये शस्त्रे नेण्यावर सुरक्षा परिषदेची बंदी २००४ पासून आहे. ती संपूर्ण सुदानला लागू नाही, केवळ दारफुरला आहे, त्यामुळे देशाच्या इतर भागांत उतरवलेली शस्त्रे बंदी न मोडताही देशात येतात आणि मग रस्त्याने हवी तेथे जातात. बंदीची व्याप्ती सगळ्या देशापर्यंत वाढवावी अशी मागणी २०२३ पासून होत आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने बंदीची मुदत एकेक वर्षाने वाढवली. व्याप्ती मात्र दारफुरपुरतीच ठेवली.